कोरा कलदार किती उरला?

खामगावच्या चांदी बाजारात १९१८ किंवा १९१९ सालचा, पंचम जॉर्जच्या छापाचा रुपया आजही पाहायला मिळतो. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम. दुकानदार तो काट्यावर टाकतो, त्या दिवसाचा भाव धरतो आणि आकडा सांगतो. ही चांदी मुळात आली कुठून, हे विचारायचे कुणाला कारण नसते. पण त्यातली काही चांदी त्याआधी अमेरिकेत डॉलर म्हणून पडून असण्याची शक्यता बरीच मोठी आहे. आणि त्यातले बरेचसे डॉलर कुणाच्या खिशात कधी गेलेच नव्हते.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून ताग, गहू, कातडी, कापड आणि माणसे असे सगळेच बाहेर चालले होते. त्याचे पैसे इथे रुपयांत चुकते करायचे, म्हणजे रुपये पाडायला चांदी हवी. आणि चांदी जगभर महागलेली. लोकांचा नोटांवर भरवसा नव्हता, ते नोट देऊन रुपये मागत. सरकारने जून १९१७ मध्ये नाणी वितळवण्यावर बंदी घातली, नोव्हेंबरअखेर एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांचीही काढली. तरी तिजोरीतला रुपयांचा साठा आटतच गेला. शेवटी २३ एप्रिल १९१८ रोजी अमेरिकी काँग्रेसने पिटमन कायदा मंजूर केला. त्या कायद्याखाली २७,०२,३२,७२२ चांदीचे डॉलर वितळले आणि त्यांपैकी २५,९१,२१,५५४ डॉलरची चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली गेली. एका डॉलरमध्ये २४.०६ ग्रॅम चांदी. म्हणजे एका डॉलरचे सव्वादोन रुपये. हिशेब केला तर तेवढ्या चांदीत सुमारे ५८ कोटी रुपये पडू शकतात. १९१८ आणि १९१९ या दोन वर्षांत मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी मिळून पाडलेले रुपये ८० कोटींच्या वर होते.

अमेरिकेत हे डॉलर पडून का होते? चांदीच्या खाणवाल्यांना खूश ठेवण्यासाठी तिथल्या सरकारने १८७८ पासून कोट्यवधी डॉलर पाडले. पण पश्चिमेकडचा मुलूख सोडला तर ते जड नाणे कुणाला खिशात बाळगायचे नव्हते. मग सरकार त्या डॉलरांच्या तारणावर कागदी प्रमाणपत्रे काढी आणि नाणी हजार-हजारच्या थैल्या शिवून तळघरात ठेवी. १९१८ मध्ये याच थैल्या भट्टीत गेल्या. कोणत्या सालचे किती डॉलर वितळले याची नोंद कुणी ठेवली नाही. त्यामुळे न वापरलेले जुने डॉलर किती उरले हा अमेरिकी संग्राहकांचा आवडता प्रश्न सुटता सुटत नाही. त्यांच्या वजाबाकीतली मोठी रक्कम आपल्याकडे येऊन रुपया झाली.

तिथला एक किस्सा इथे सांगितलाच पाहिजे. न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचा १९०३ सालचा डॉलर कोऱ्या अवस्थेत जवळजवळ नाहीसाच झाला आहे, अशी कित्येक वर्षे जाणकारांची खात्री होती. पाडले होते ४४,५०,००० आणि दिसत होते अगदी मोजके. तेव्हा सगळे वितळले असणार, असा निष्कर्ष निघाला आणि किंमत हजार डॉलरच्या वर गेली. १९६२ च्या अखेरीस सरकारी तळघरातली एक जुनी तिजोरी उघडली आणि त्याच नाण्यांच्या थैल्यांवर थैल्या बाहेर आल्या. काही आठवड्यांत भाव कोसळला. पुढे १९७४ मध्ये नेव्हाडातल्या रेनो गावचा लावेर रेडफील्ड वारला, तेव्हा त्याच्या घरात चार लाखांवर चांदीचे डॉलर निघाले. दिसत नाही म्हणजे नाहीच, असे धरून चालणारा अंदाज असा कधीही तोंडावर पडतो.

आता हाच प्रश्न आपल्या रुपयाला लावू. राणीछाप, एडवर्डछाप, जॉर्जछाप असे जे चांदीचे कलदार पाडले गेले, त्यांतले कोरे, म्हणजे टांकसाळीतून निघाले तसेच राहिलेले, आज किती असतील? नमुना म्हणून मी बुलढाणा जिल्हा धरतो. इथे कापसामुळे चांदी आली, खामगावमुळे ती वितळायची सोयही जवळच झाली, आणि शेजारच्या निजामी मुलखामुळे इथला प्रत्येक रुपया पारखून घ्यायची सवय लागली.

कोरेपणाकडे वळण्याआधी एकूण संख्येचा प्रश्न येतो, आणि तो ब्रिटिश सरकारलाही छळत होता. पाडलेले रुपये कागदावर होते. वितळलेले, पुरलेले, परदेशी गेलेले कुठे लिहिलेले नव्हते. इंग्लंडात विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८६८ मध्ये सोन्याच्या नाण्यांसाठी एक युक्ती वापरली होती. एफ. सी. हॅरिसन यांनी तीच रुपयाला लावून १८९१ मध्ये ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये लेख लिहिला. युक्ती सोपी आहे. सरकारी तिजोऱ्यांतल्या थैल्या उघडायच्या आणि कोणत्या सालचे किती रुपये निघतात ते मोजायचे. समजा, एखाद्या वर्षी ८ कोटी रुपये नव्याने पडले आणि थैल्यांत दर शंभर रुपयांमागे त्या सालचे ५ निघाले. तर एकूण चलनात १६० कोटी असले पाहिजेत. पुढे अर्थशास्त्रज्ञ केन्सनेही १९१३ च्या आपल्या हिंदुस्थानी चलनावरच्या पुस्तकात या रुपयांच्या शिरगणतीचा ऊहापोह केला.

युक्ती सोपी असली तरी तिची एक अट आहे, नवे रुपये जुन्यांत सारखे मिसळले पाहिजेत. बुलढाण्यात नेमके तेच होत नसणार. दिवाळीनंतर कापूस बाजारात यायचा, मुंबईची पेढी त्यासाठी मुंबईहून रुपये पाठवायची, आणि ते रुपये शेतकऱ्याकडून सावकाराकडे, सावकाराकडून साऱ्यापोटी तिजोरीत असे फिरायचे. खामगावचा कापूस बाजार एवढा मोठा की जलंबपासून खामगावपर्यंत वेगळा फाटा टाकला गेला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला. अशा जिल्ह्याच्या तिजोरीत हंगामानंतर उघडलेली थैली मुंबईच्या ताज्या नाण्यांनी भरलेली असणार. त्यावरून सगळ्या देशाचा हिशेब केला तर तो चुकलाच म्हणून समजा.

दुसरी अडचण खुद्द नाण्यावरच्या सालाची. १८६२ सालचा राणीछाप रुपया सगळ्यांच्या ओळखीचा आहे, आजीच्या गाठोड्यात हमखास निघतो. पण त्यावर १८६२ असले म्हणजे तो १८६२ मध्येच पडला असे नाही. १८७४ पर्यंत टांकसाळी तेच साल छापत राहिल्या. मुंबईच्या टांकसाळीने बारीक ठिपक्यांची खूण ठेवली, तिच्यावरून जाणकार वर्षाचा अंदाज बांधतात. बाकी सगळा एकच गठ्ठा. आणि ही नेमकी ती वर्षे होती, जेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आणला आणि नंतर रेल्वे इथून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. कापसाच्या तेजीतला पैसा इथे ज्या नाण्याने आला, त्याच नाण्याचे साल वाचून काही कळत नाही.

हे रुपये कमी कसे झाले, यात काळाचा एक सांधा फार महत्त्वाचा आहे. १८९३ पर्यंत कुणीही चांदी टांकसाळीत नेऊन, थोडा खर्च भरून तिचे रुपये पाडून घेऊ शकत होता. त्यामुळे दागिना आणि रुपया यांत जवळपास फरक नव्हता. सोनाराला पाटल्या करायला सांगितल्या की तो सरळ रुपयेच मुशीत टाकी, कारण त्यांची शुद्धता ठरलेली. लोकांचे यात काही बुडत नव्हते. जून १८९३ मध्ये सरकारने नेमलेल्या हर्शेल समितीच्या शिफारशीवरून टांकसाळी खासगी चांदीला बंद झाल्या. रुपयाचा भाव हळूहळू त्यातल्या चांदीच्या वर गेला. आता रुपया वितळवणे म्हणजे हाताने नुकसान करून घेणे. दागिना मोडायला गेले तर मात्र चांदीचाच भाव मिळायचा. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडातल्या ज्या घरांनी साठवण दागिन्यांत केली होती त्यांना हा फरक चांगलाच कळला. ज्यांच्या हंड्यात रुपये होते ते थोडे तगले.

म्हणून माझा कयास असा की १८९३ च्या आधीचे रुपये मुशीत जास्त गेले आणि नंतरचे हंड्यात जास्त राहिले. १९१७ मध्ये पुन्हा पारडे फिरले. चांदी महागली, रुपया वितळवणे फायद्याचे झाले, आणि म्हणूनच बंदी आली. खेडोपाडीच्या भट्टीवर अशी बंदी कितपत चालली असेल, त्याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

दुसऱ्या महायुद्धात सरकारनेच हात घातला. डिसेंबर १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली. मग जुने रुपये क्रमाक्रमाने बाद झाले. व्हिक्टोरियाचे १९४१ मध्ये, एडवर्डचे १९४२ मध्ये, दोन्ही जॉर्जांचे पूर्ण चांदीचे १९४३ मध्ये. तिजोरीत परत आलेले रुपये गाळले गेले. परत न आलेले घरात राहिले. त्याच युद्धात अमेरिकेने हिंदुस्थानला २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी दिली. ती १९५७ मध्ये फेडली गेली, आणि फेडण्यासाठी लागलेली चांदी निम्म्या चांदीच्या रुपयांतून काढण्यात आली. १९१८ मध्ये डॉलर वितळून इकडे आलेल्या चांदीतली काही अशी रुपयाच्या दोन जन्मांनंतर परत अमेरिकेला गेली असेल, तर मला तरी नवल वाटणार नाही.

इथवर प्रश्न किती उरले याचा होता. कोरे किती, हा त्याहून अवघड आहे, कारण आपल्याकडे नाणे बाजाराने झिजवले त्याहून जास्त घराने झिजवले.

कोरे नाणे ओळखायची रीत अशी. नाणे दिव्याखाली धरायचे आणि हळू तिरके करायचे. ठशाच्या दाबाने चांदी मध्यापासून काठाकडे अतिशय सूक्ष्म रेषांत सरकलेली असते. त्या रेषा शाबूत असतील तर उजेडाचा पट्टा नाण्यावर गोल फिरतो. राणीचे केस, जॉर्जच्या मिशा, मुकुटावरचे मणी अशा उंचवट्यांवर घर्षणाचा मळकटपणा दिसता कामा नये. थैलीत नाणी एकमेकांवर आपटून पडलेले बारीक खरचटे चालतात, कारण ते चलनात फिरून पडलेले नसतात. नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या कंपन्या यासाठी शेल्डनची ७० गुणांची मोजपट्टी वापरतात. तीत ६० पासून वरची नाणी कोरी.

आणि या मोजपट्टीत एक नियम आपल्या मुळावर येतो. घासलेले, घासून चकाकवलेले नाणे, मग ते एकदाही बाजारात गेलेले नसो, कोऱ्यात धरत नाहीत.

काउंटरवर अशा वेळी काय संभाषण होते याची कल्पना कुणालाही करता येईल.

“मावशी, घासून आणले का हे?”

“मग काय काळे आणू? लक्ष्मीपूजनाला दरसाल घासतो आम्ही. चिंच लावून, राखेने.”

मावशींचे काही चुकलेले नाही. लक्ष्मी काळी कशी ठेवायची? पण हवेतल्या गंधकाने चांदीवर जी करडी, कधी निळसर, कधी सोनेरी झाक चढते, ती त्या सूक्ष्म रेषांच्या अंगावरचे पातळ आवरण असते. चिंचेच्या आंबटाने ते निघते आणि राखेच्या कणांनी रेषाही जातात. दरसाल एकदा असे तीन पिढ्या चालले, की सराफाला खणखणीत आणि संग्राहकाला निकामी असे नाणे तयार होते. झळझळीत पांढरे, पण उजेड त्यावर फिरत नाही, सगळीकडे सारखाच पसरतो. गिऱ्हाईक मात्र नेहमी तेच उचलते आणि शेजारचे करडे, कोरे नाणे बाजूला सारते.

घरातली दुसरी झीज डाखाची. मेहकर, लोणारकडच्या तांड्यांवर बंजारा बायकांच्या अंगावर रुपये, अधेल्या, पावल्या शोभायच्या, आणि गावातल्या इतर घरांतही मुलांच्या गळ्यात रुपया घालायची रीत होती. त्यासाठी काठावर डाख देऊन कडी बसवायची. कडी नंतर काढली तरी काठावर डाखाचा डाग राहतो आणि उष्णतेने आजूबाजूची चांदी निस्तेज होते. तिसरी झीज सराफाची. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाच्या पलीकडे निजामाचा मुलूख. तिथे हाली सिक्का चालायचा, त्याचा दर सात हालींना सहा कलदार. दोन चलनांच्या सीमेवर प्रत्येक रुपया पारखून घ्यायचा, आणि पारखणारा काठावर किंवा चेहऱ्यावर टोचा मारी. टोचलेला रुपया कोरा राहत नाही, मग तो पारखल्यावर लगेच हंड्यात का जाईना.

झिजेचे एक माप कायद्यातही होते. १९०६ च्या नाणे कायद्याप्रमाणे वजन दोन टक्क्यांहून जास्त घटलेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे. दोन टक्के म्हणजे जेमतेम पाव ग्रॅम. फार फिरलेला रुपया म्हणून सरकारच्या हाती लागून गाळला जाई, आणि हंड्यातला कोरा बचावत असे. ही चाळणी आपल्या फायद्याची. शिवाय रुपयाचे वजन बरोबर तोळाभर आणि ८० तोळ्यांचा शेर असल्यामुळे किराणा दुकानात आणि सोनाराकडे रुपये वजनमाप म्हणूनही ठेवलेले असत. ते खिशात फिरले नाहीत, पण दिवसभर तराजूच्या पारड्यात आपटत राहिले. त्यांना कोरे म्हणायचे की नाही, यावर दोन संग्राहकांचे एकमत होणार नाही.

आता मोजायचे कसे? सर्वांत सोपा मार्ग प्रत ठरवणाऱ्या कंपन्यांची नोंदवही पाहायचा. अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्या १९८६-८७ पासून नाणी तपासतात, प्लास्टिकच्या डबीत सील करतात आणि कोणत्या सालचे, कोणत्या प्रतीचे किती आले याचा आकडा जाहीर करतात. पण लोक वरची प्रत मिळेल या आशेने डबी फोडून तेच नाणे पुन्हा पाठवतात, म्हणजे एक नाणे दोनदा मोजले जाते. उलट बाजूने, आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. १९१९ चा रुपया २०१९ नंतर त्या कायद्याच्या कक्षेत आला. तेव्हा परदेशी नोंदवहीत आपल्या घरांतला माल दिसणार नाही. दिसतात ती बहुधा इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर किंवा नंतर बाहेर गेलेली नाणी. त्यांतली काही तिकडच्या घरी जपली गेली, घासली गेली नाहीत, म्हणून त्यांत कोऱ्यांचे प्रमाण जास्तच दिसेल.

दुसरा मार्ग लिलावांच्या छायाचित्रांचा. ज्ञानगंगा अभयारण्यातला बिबट्या जसा कॅमेऱ्यात टिपून अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळखता येतो, तसे प्रत्येक कोरे नाणे त्याच्या खरचट्यांवरून ओळखता येते, दोन नाण्यांचे खरचटे कधी सारखे नसतात. समजा, एका वर्षीच्या लिलावांत एका सालचे ६० वेगवेगळे कोरे रुपये दिसले, दुसऱ्या वर्षी ५० दिसले आणि त्यांतले १० आदल्या वर्षीचेच होते. मग एकूण संख्या ६० गुणिले ५० भागिले १०, म्हणजे ३००. गणित बिनचूक आहे, पण ते बाजारात येणाऱ्या नाण्यांचेच आहे. जंगलातला जो बिबट्या पाणवठ्यावर येतच नाही, तो या हिशेबात बसत नाही.

आणि आपल्याकडे मोठा साठा नेमका पाणवठ्यावर न येणारा आहे. जुन्या वाड्याची भिंत पाडताना, बळद उकरताना, पेव बुजवताना रुपयांचे गाडगे निघते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा असा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवले पाहिजे. ठेवा गेल्या शंभर वर्षांत पुरलेला वाटत असेल तर मालकाला तो आपला असल्याचे दिवाणी न्यायालयात सिद्ध करता येते, त्याआधीचा असेल तर नियम वेगळे. कायद्यात सापडणाऱ्याचाही वाटा आहे. पण गावात त्या कायद्याची ओळख भीतीपुरतीच असते. मजूर आणि घरमालक आपसांत वाटून घेतात, आणि त्यांतले बरेच जवळच्या भट्टीत नाहीसे होतात. परमेश्वरीलाल गुप्तांनी १९७० मध्ये महाराष्ट्रातल्या नाण्यांच्या ठेव्यांवर पुस्तक काढले, पण त्यात असतो तो सरकारजमा झालेला, नोंदला गेलेला ठेवा. वितळलेल्या गाडग्याची नोंद कोण ठेवणार? आणि मातीतल्या रुपयांचेही कोरेपण ओल आणि क्षार यांच्यावर अवलंबून. मोठ्या हंड्यात आतले रुपये जपले जातात आणि बाहेरचे खराब होतात.

एवढे झाल्यावर आकडा सांगा, असे वाचक म्हणेल. १९१९ चा घेऊ. दोन्ही टांकसाळींत मिळून ४० कोटींहून जास्त पडले. समजा शंभरात एक उरला, तर ४० लाख. उरलेल्यांत शंभरात एक कोरा, तर ४० हजार. पण हे दोन्ही ‘शंभरात एक’ मी हवेतून घेतले आहेत. दोन्ही तिपटीने कमी धरले तर आकडा साडेचार हजारांच्या आत येतो, दोन्ही तिपटीने वाढवले तर ३ लाख ६० हजार होतो. खालच्या टोकापेक्षा वरचे टोक ऐंशी पटीने मोठे. अशा अंदाजाला अंदाज म्हणायचे धाडस मी करतो ते एवढ्यासाठीच, की आपल्याला किती कमी माहीत आहे, हे त्यातून कळते. किती उरले ते चांदीचा भाव ठरवतो. त्यातले कोरे किती, ते लक्ष्मीपूजनाच्या ताटातली चिंच ठरवते.

काही सालांबाबत मात्र निदान कमाल मर्यादा ठामपणे बांधता येते. १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती, सोंड आखूड काढल्यामुळे, डुकरासारखा दिसतो असा गवगवा झाला. मुसलमानांना डुक्कर वर्ज्य, म्हणून रुपया मागे घेतला गेला आणि १९१२ मध्ये हत्तीची सोंड नीट काढली गेली. सुमारे ९४ लाख पडले होते, त्यांतले सुमारे ७ लाखच चलनात गेले होते, बाकीचे वितळले. उरलेले कितीही असोत, सात लाखांच्या वर नाहीत. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया याच्या उलट: मुंबईत सुमारे साडेचोवीस लाख पडले, पण युद्धकाळात तो बाद होऊन इतका गाळला गेला की आज त्याची किंमत साध्या कलदारांपेक्षा फार जास्त. इथे पाडल्याचा आकडा काहीच सांगत नाही.

खामगावात या दोन सालांना सगळे ओळखतात. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेली माणसे खामगावहून चांदीच्या पादुका, मूर्ती घेऊन जातात, त्यासाठी लागणारी काही चांदी जुन्या रुपयांची असते. किलोला लाख रुपये भाव धरला तरी एका रुपयातली चांदीच १,०६९ रुपयांची. साध्या १९१९ ला संग्राहक याहून फार जास्त देत नसेल, तर तो भट्टीतच जाणार. पण भट्टीच्या आधी कुणीतरी पोत्यातले रुपये चाळतो, १९११ आणि १९३९ वेगळे काढतो, बाकीचे सोडून देतो. करड्या, कोऱ्या १९१९ कडे तो बघत नाही, कारण त्याला साल बघायला शिकवलेले असते, उजेडाचा पट्टा बघायला नाही. पन्नास वर्षांनी जर कुणी जेव्हन्सच्या रीतीने बुलढाण्यातल्या घरांतले रुपये मोजायला बसले, तर त्याला १९११ चे प्रमाण अवास्तव जास्त दिसेल, १९१९ चे अवास्तव कमी, आणि तो बहुधा म्हणेल की १९१९ मध्ये टांकसाळींनी फार रुपये पाडलेच नसावेत.